रण पाहिलेला आणि रण सांगणारा

कुंभकोणमहून निघालेली बस दारासुरमची गर्दी मागे टाकून, भातखाचरांमधून पट्टीश्वरम्‌ला पोचते तेव्हा दुपारचे तीन वाजून गेलेले असतात. आज मंगळवार. म्हणजे राहुकाळ लागला, आणि अर्धी बस त्यासाठीच आली होती हे तुम्हाला उतरल्यावर कळतं. तेनुपुरीश्वराच्या देवळात उत्तरेच्या दाराशी दुर्गेचं स्थान आहे. तिच्यासमोर बायकांनी लिंबं पिळून, सालीच्या वाट्या उलट्या करून त्यांत तूप आणि वाती घातल्या आहेत. साल तापली की तडतडते आणि तो धूर डोळ्यांत चुरचुरतो. तुम्ही मागे सरकता. शेजारच्या आजीबाई थोड्या शब्दांत आणि भरपूर हातवाऱ्यांत सांगतात, की ही देवी मूळची इथली नव्हे, पळैयारैच्या वाड्यावरची. चोळ राजे लढाईवर निघताना आधी हिच्या पाया पडत.

राजे पाया पडत, ठीक. पण त्यांच्यामागून जे हजारो चालत गेले, ते कुठे राहत होते? त्याचं उत्तर आसपासच्या गावांच्या पाट्यांवर आहे. आरियप्पडैयूर, पुदुप्पडैयूर, मणप्पडैयूर, पंबैप्पडैयूर. पडै म्हणजे फौज. पळैयारै ही चोळांची दुसरी राजधानी, आणि ही चार गावं तिच्याभोवतीच्या छावण्या. जवळच सोळन्माळिगै नावाचं खेडं आहे, तिथं राजवाडा होता असं मानतात. आज सगळीकडे शेती.

चपला देवळाबाहेर काढलेल्याच आहेत, तशाच राहू द्या. नऊशे वर्षं मागे जायचंय.

आता इसवी सन १११०च्या पुढेमागचा काळ आहे. पहिला कुलोत्तुंग गादीवर येऊन चाळीस वर्षं झाली आहेत. तुम्ही पंबैप्पडैयूरच्या वेशीवर, चिंचेखाली बसला आहात. अंधार पडलाय. शेजारी एक माणूस उकिडवा बसलाय, त्याच्या उजव्या पायाची दोन बोटं नाहीत. तो कलिंगच्या मोहिमेवरून आलाय. करुणाकर तोंडैमान या सेनापतीबरोबर गेला होता. खंडणी थकली म्हणून ही स्वारी झाली. ज्याच्यावर झाली त्या अनंतवर्मन चोडगंगाची आई चोळांचीच लेक होती. घरातलंच भांडण, म्हणजे जरा जास्तच चिघळणार.

समोर एक जण उभा राहतो आणि म्हणायला लागतो. जयंकोंडार कवीचं ‘कलिंगत्तुप्परणि’. हे काव्य दरबारासाठी रचलेलं. छावणीत ते असं म्हटलं जात होतं, हे माझं कल्पनेतलं स्वातंत्र्य आहे. पण ज्यांच्या पायांवर हे काव्य उभं आहे, त्यांना ते एकदा ऐकवायला काय हरकत आहे?

परणि कुणालाही मिळत नाही. रणात हजार हत्ती पाडणाऱ्या वीरासाठीच ती रचायची, असा त्या काव्यप्रकाराचा दंडक. तेव्हा तुम्हाला वाटतं, आता सुरुवात हत्तींनी होणार. होते ती बंद दारांनी. सांगणारा घराघरातल्या बायकांना हाका मारत सुटतो, रुसून आतून कडी घातलेल्यांना विनवतो, दारं उघडा, मी परणि सांगायला आलोय. एकेकीचं वर्णन असं, की भोवतालची माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागतात. त्यात कानडी मुलखातल्या बायकाही येतात, थोडं तेलुगू थोडं तमिळ असं बोबडं बोलणाऱ्या. त्या कशा इथं आल्या असतील हे श्रोत्यांना ठाऊक आहे, सांगणाऱ्यालाही आहे, आणि कुणीच ते बोलत नाही. कदाचित पुढच्या रक्ताआधी लोकांना हसवून मोकळं करायची ही युक्ती असेल. आपल्याकडचा तमाशातला सोंगाड्या ती बरोबर ओळखेल.

मग सूर पालटतो. ओसाड माळ. त्यात कालीचं देऊळ. तिच्याभोवती उपाशी भुतावळ, हाडं वाजताहेत, पोटं खपाटीला गेली आहेत. भुतं देवीकडे गाऱ्हाणं मांडतात, की किती दिवस झाले, मोठं युद्ध नाही. आणि मग कलिंगच्या रणावरून एक भूत धावत येतं आणि देवीला लढाईची हकीकत सांगायला लागतं.

तुमच्या शेजारचा माणूस इथं पहिल्यांदा मान वर करतो.

कारण आता त्याची गोष्ट सुरू झाली आहे, आणि ती भुताच्या तोंडी घातलेली आहे. त्याच्या नव्हे, सेनापतीच्याही नव्हे. मला ही रचना फार चलाख वाटते. राजाचा भाट बोलला असता तर ऐकणाऱ्याने निम्मं वजा केलं असतं. शिपाई बोलला असता तर राजाला ते रुचलं नसतं. भुताला कसला पक्ष? त्याला फक्त भूक आहे. त्यामुळे रणात पडलेल्या माणसांकडे ते इतक्या उघड्या डोळ्यांनी बघतं, की तुम्हाला चिंचेखाली थंडी वाजते.

फौज नद्या ओलांडत उत्तरेकडे जाते. पालारपासून कृष्णा, गोदावरीपर्यंत नावांची माळ लागते. प्रत्येक नावाला शेजारचा माणूस ओठ हलवतो. त्याच्या लेखी ही भूगोलाची यादी नाही. कुठल्या नदीत पाणी छातीपर्यंत होतं आणि कुठल्या नदीत कोण वाहून गेला, हे तो मोजतोय. नंतर लढाई होते. रक्ताचे पूर, कबंधांचं नाचणं, हत्तींचे डोंगर. हा भाग सगळे मान डोलावत ऐकतात, तो मात्र स्वस्थ बसून आहे. असे पूर त्याने प्रत्येक काव्यात ऐकले आहेत.

मग पळणारे कलिंगी येतात. हरलेल्या फौजेतली माणसं जीव वाचवायला काय काय करतात ते भूत सांगतं. कुणाची वस्त्रं ओरबाडली गेली आहेत, त्याने डोक्यावरचे केस उपटले आणि आपण जैन मुनी असल्याचं सोंग घेतलं. कुणी धनुष्याची दोरी दुमडून जानव्यासारखी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, आम्ही गंगास्नानाला निघालो होतो, मध्येच सापडलो. कुणी रक्तानं लाल झालेलं कापड अंगाला गुंडाळून बौद्ध भिक्षू झाला. आणि काही जणांनी मेलेल्या हत्तींच्या घंटा सोडून घेतल्या, टाळासारख्या हातात धरल्या, हात जोडले आणि सांगितलं, आम्ही लढणारे नव्हे हो, तेलुगू मुलखातले गाणारे आहोत. हे रण पाहून थिजून उभे राहिलो, इतकंच.

शेजारचा माणूस मांडीवर थाप मारतो. “होता,” तो म्हणतो. “घंटावाला होता.” आणि हसतो. मग एकाएकी हसायचं थांबतो.

तुम्हाला विचारावंसं वाटतं, मग त्याला सोडलंत की नाही? विचारू नका. नऊशे वर्षं मागे आलेल्या पाहुण्याने काही प्रश्न गिळायचे असतात.

हे सोंगांचं प्रकरण कवीने शत्रूची टिंगल म्हणून घातलं असेल. दरबारात त्यावर हशा पिकलाही असेल. पण हत्तीच्या घंटांची कल्पना कवीला बसल्या जागी सुचते, यावर माझा विश्वास बसत नाही. रक्ताच्या नद्या बसल्या जागी सुचतात. हत्तीच्या गळ्यातून घंटा सोडवायची तर दोरी कापावी लागते, त्यासाठी मेलेल्या हत्तीजवळ वाकावं लागतं, हात थरथरत असतात आणि घंटा वाजता कामा नये. हे कुणीतरी पाहिलेलं आहे. कुणीतरी ते रात्री शेकोटीशी सांगितलं, आणि ते चार तोंडं फिरत कवीच्या कानापर्यंत गेलं.

म्हणून रणाची गोष्ट कुणी मोठ्याने म्हणायला लागलं की मी अशाच तपशिलासाठी कान टवकारतो. ज्याने कुणाची शोभा वाढत नाही, काव्यालाही ज्याची फारशी गरज नाही, आणि तरी जो गळलेला नाही. तो तपशील बहुतेक पाहणाऱ्याकडून आलेला असतो. बाकीचं सांगणाऱ्याचं.

शेवटी भुतं पेज शिजवतात. नगाऱ्यांच्या उखळात मेलेल्यांचे दात तांदूळ म्हणून कांडतात, मुसळ हत्तीच्या सुळ्यांचं. पंगत बसते, तिच्यात बामण भुतं आहेत आणि पेज गाळून मागणारी जैन भुतंही. चिंचेखाली हास्याचा गजर होतो. तुमच्या शेजारची जागा रिकामी झालेली असते.

इथून पुढची पाच-साडेपाच शतकं झपाट्याने. चोळ बुडतात, पळैयारैचा वाडा मातीत जातो, दुर्गा पट्टीश्वरम्‌ला येते. नायकांचं राज्य येतं. त्यांचा प्रधान गोविंद दीक्षित आणि त्याची बायको नागांबा यांच्या दगडी मूर्ती याच देवळात हात जोडून उभ्या आहेत, जाता जाता बघून घ्या. मग १६७५-७६च्या सुमाराला व्यंकोजी भोसले तंजावर घेतात आणि कावेरीकाठी मराठी बोलणारी फौज मुक्काम ठोकते. १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिणेत उतरतात. कोळ्ळिडमच्या काठी सावत्र भाऊ भेटतात, वाटणीवरून बोलणी फिसकटतात, व्यंकोजी रातोरात नदीपार निघून जातात. वर्ष संपायच्या आत वालगोंडपुरमजवळ दोन्ही भावांच्या फौजा एकमेकींवर पडतात. दोन्हीकडे मराठेच. या लढाईचा पोवाडा मी कुठे ऐकलेला नाही. चोडगंगावरच्या स्वारीत निदान समोरच्याची भाषा वेगळी होती, भुताला टिंगल तरी करता आली.

आता उत्तरेला चला. कोळ्ळिडम ओलांडा, आणखी दीडशेक किलोमीटर. वर्ष १६९७, म्हणजे शके १६१९. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन टेकड्यांना कवेत घेणारा जिंजीचा तट समोर आहे. आतला राजगिरीचा खडक इतका उभा, की वर पाहताना पागोटं पडावं. आठ वर्षांपूर्वी, १६८९च्या शेवटी, राजाराम महाराज पन्हाळ्याहून वेष पालटत इथवर आले. पुढच्या वर्षापासून मोगल सेनापती झुल्फिकारखान या किल्ल्याभोवती आहे. कधी आवळतो, कधी सैल सोडतो. तंजावरच्या शहाजीराजांनी आधी रसद पुरवली, पण १६९४ला खान थेट तंजावरवर चालून गेला आणि त्यांना नमतं घ्यावं लागलं. संताजी घोरपड्यांनी मोगलांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं, ते याच वर्षी मारले गेले, तेही आपल्याच माणसाच्या हातून.

तुम्ही कल्याणमहालाच्या बाजूने येता आणि एका दालनाच्या उंबऱ्याशी बसता. आत दोन माणसं आहेत असं समजा. एक सत्तावीस वर्षांचा छत्रपती. दुसरा कृष्णाजी अनंत सभासद, थोरल्या महाराजांच्या काळापासूनचा जुना माणूस. छत्रपतींनी त्याला सांगितलंय, की आमच्या वडिलांनी हे राज्य कसं उभारलं ते पहिल्यापासून लिहून काढा.

हे फर्मान इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत संपतं. तुम्ही उंबऱ्यावर बसून जरा हिशेब करा. राजाराम महाराजांचा जन्म २४ फेब्रुवारी १६७०चा. सिंहगड घेतला त्याला तेव्हा वीस दिवस झाले होते. साल्हेरची लढाई झाली तेव्हा ते दोन वर्षांचे होते. वडील वारले तेव्हा दहा. म्हणजे ज्या गोष्टींच्या जोरावर हा तरुण छत्रपती आहे, त्या सगळ्या त्याने फक्त ऐकलेल्या आहेत. सिंहगडावर विशीत चढलेला मावळा आज जिवंत असेल तर पन्नाशीला टेकलाय. वेढ्यात अशी माणसं भराभर जातात. हगवणीने जातात, तापाने जातात, भिंतीवरून खाली डोकावताना जातात. कुणीतरी आत्ताच बोलतं केलं पाहिजे.

सभासद बोलतात, लेखणी चालते. तुम्हाला बखरीचा घोटून गुळगुळीत झालेला सूर अपेक्षित असतो. तसा तो आहेही. आकडे आहेत, खात्यांच्या याद्या आहेत, गडांची नावं आहेत. हा माणूस कारभारातला, त्याला मोजल्याशिवाय चैन नाही. मग साल्हेर येतं आणि बघता बघता त्याची चाल बदलते. धूळ अशी उडाली की तीन कोस आपलं-परकं ओळखू येईना. हत्ती, घोडे, उंट, माणसं, रक्ताचा चिखल, त्यात रुतणारे. वाक्यं छोटी होतात, ठेका धरतात. कलिंगत्तुप्परणि त्याने ऐकलेली असण्याचं कारण नाही, तरी रण आलं की तोच पूर, तोच चिखल. तुम्ही नकळत मान डोलवायला लागता, चिंचेखालच्या त्या लोकांसारखीच.

आणि त्यात मध्येच सूर्यराव काकडे पडतात. जंबुरक्याचा गोळा लागून. हाताघाईत नव्हे, कुणा नावाजलेल्या सरदाराशी झुंजून नव्हे. उंटावरच्या तोफेचा गोळा कुठून तरी आला आणि लागला. सभासद त्यांना भारतातल्या कर्णाच्या पंक्तीला बसवतात, पण गोळा मात्र गोळाच ठेवतात.

मग सिंहगड. कान द्या, कारण ही गोष्ट तुम्ही शाळेत असल्यापासून ऐकत आला आहात आणि ही ती नव्हे. निवडक दोन मावळे रात्री कड्यावर चढवले, ते वानरासारखे वर गेले, मग बाकीचे. घोरपड नाही. तानाजी आणि उदेभान समोरासमोर येतात. तानाजीची ढाल तुटते. दुसरी ढाल वेळेला मिळत नाही. तेव्हा तो डावा हातच ढालीसारखा पुढे करून त्यावर वार घेत लढतो, आणि दोघेही पडतात. सूर्याजी पुढे होऊन गड घेतो. पागेचे खण पेटवून देतात, त्याचा उजेड राजगडावरून दिसतो.

दुसरी ढाल वेळेला मिळाली नाही. सभासद हे सांगतात आणि पुढे जातात. मी जिंजीच्या त्या उंबऱ्यावर तुमच्या शेजारी बसलो असतो तर इथं त्यांना हात करून थांबवलं असतं. ही ढाल कुणी आणायची होती? तो कुठे होता? तो पुढे आयुष्यभर कसा झोपला? शौर्याच्या गोष्टीत या ढालीचं काही काम नाही. हाताची ढाल केली एवढंच पुरलं असतं, किंबहुना जास्त शोभलं असतं. पण जवळ उभ्या असलेल्या कुणाच्या तरी डोक्यातून ती न आलेली ढाल गेली नाही. त्याने ती सत्तावीस वर्षं सांगितली असणार, आणि सांगता सांगता ती इथं पोचली.

थोड्याच महिन्यांत जिंजी पडेल. राजाराम महाराज त्याआधीच निसटलेले असतील. बखर वाचेल.

तंजावरला परत या. डिसेंबर १८०३. बृहदीश्वराच्या देवळात नैर्ऋत्येकडच्या भिंतींवर पाथरवटांचे छिन्नी-हातोडे चाललेत. दुसरे सरफोजी आपल्या कुळाचा इतिहास मराठीत खोदवून घेताहेत, भोसले वंशचरित्र. मजकूर बाबुराव चिटणिसांचा. जगातल्या मोठ्यात मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. भिंतीपुढे उभं राहून मोठ्याने वाचून बघा. थोड्या वेळाने घसा बसतो. चार वर्षांपूर्वी, १७९९ला, सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीच्या हाती दिलेला आहे. गेल्या सप्टेंबरात असईला आणि नोव्हेंबरअखेर आडगावला मराठी फौजा हरल्या आहेत, आणि इथं पूर्वजांच्या लढाया ग्रॅनाइटमध्ये उतरताहेत. त्यापुढची गंमत अशी, की याच सरफोजींनी १८१४-१५ला समुद्रकाठी मनोरा नावाची आठ मजली इमारत उभारली, ती नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या जयाचं स्मारक म्हणून. तिच्यावरही मराठी लेख आहे. युरोपात लढलेल्या शिपायांपैकी कितीजणांनी तो सागरकिनारा पाहिला असेल? दगडाला सांगितलं की तो काहीही लक्षात ठेवतो.

माणसाच्या तोंडी राहिलेली गोष्ट तशी निमूट राहत नाही. ती बघायची तर मुंबई इलाख्यात या. एकोणिसावं शतक उतरणीला लागलंय. शंकर तुकाराम शाळिग्राम नावाचे गृहस्थ गोंधळ्यांना गाठून पोवाडे उतरवून घेताहेत. पाठीशी हॅरी अ‍ॅक्वर्थ हा इंग्रज अधिकारी आहे, वडाळ्याचं कुष्ठरुग्णालय ज्याच्या नावानं ओळखलं जातं तोच. १८९१ला त्यांचं पुस्तक निघेल.

तुम्ही ओसरीवर बसला आहात. म्हातारा गोंधळी तुळशीदासाचा तानाजी गातोय, झीलकरी मागून सूर ओढतोय, तुणतुणं किणकिणतंय. अंगावर काटा येतो. रायबाचं लग्न टाकून आलेला बाप आहे, कड्यावरून माघारी फिरणारी घोरपड आहे, तिच्यावर खवळलेला तानाजी आहे. लिहिणाऱ्याला एक कडवं नीट ऐकू येत नाही, तो म्हणतो, “पुन्हा सांगा.” गोंधळी सांगू शकत नाही. गाऊ शकतो. मधूनच नाही, तर मागच्या चौकापासून पुन्हा सुरुवात करून. कारण ती गोष्ट त्याच्या डोक्यात नसून गळ्यात आहे, आणि गळ्याला आपली वाट ठरलेली असते. लेखणी बाजूला ठेवून सगळे पुन्हा ऐकतात.

तुम्ही त्या गाण्यात ढाल शोधता. मी पोवाड्याला नावं ठेवत नाही. घोरपड नसती तर तानाजी घराघरात गेला नसता, आणि सभासदाची बखर गावच्या जत्रेत कुणी बसून ऐकली नसती. शाहिराचं काम रात्र जागवणं, ते त्याने चोख केलं. पण ज्याच्याकडे दुसरी ढाल होती त्या माणसाला या गाण्यात जागा नाही, हेही खरंच.

आणि आता शेवटचा टप्पा, फार दूरचा नाही. १६ डिसेंबर, विजय दिवस. साताऱ्याकडचं एक गाव. हा मुलूख फौजी गावांचा. जवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धावर गेलेले ४६ जण परतले नाहीत. त्यांचं स्मारक आहे, त्यांच्या तोंडची गोष्ट कुणी लिहून घेतल्याचं ऐकिवात नाही. म्हणून या शाळेने यंदा बरं काहीतरी करायचं ठरवलंय, गावातल्या माजी सैनिकांच्या आठवणी लिहून घ्यायच्या आणि कार्यक्रमात वाचायच्या. वाचणारे तुम्ही. आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात.

मैदानावर मुलं रांगांनी बसली आहेत. माईक मधूनच शिट्टी मारतो. पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सत्तरी ओलांडलेले एक हवालदार बसलेत, कोटाला पदकं लावून. ते सेकंड पॅराचे, मूळची मराठा पलटण. ११ डिसेंबर १९७१ला टंगाईलवर जी पलटण विमानांतून उतरली आणि पुंगलीचा पूल घेतला, त्यातले. ते तुमच्याशी दोन संध्याकाळी बोलले. त्याचं तुम्ही दोनपानी निवेदन केलंत, आणि ते सुबक झालंय.

तुम्ही वाचायला लागता. आकाशातून उतरणारे मृत्युंजय वीर. खाली धगधगणारी रणभूमी. शत्रूच्या गोळ्यांचा वर्षाव झेलत मातीला पाय लागताच... मुलं स्तब्ध आहेत. तुमचा आवाज छान लागलाय. मुख्याध्यापिका डोळे टिपताहेत.

“सर, थांबा वाईच.”

हवालदार उठलेत. हात वर आहे, वर्गात करतात तसा.

“गोळ्या कुठं होत्या उतरताना? तसलं काय नव्हतं. आणि माती न्हाई. मी तळ्यात पडलो.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसतं. बाई वळून बघतात. हवालदारही हसताहेत.

“गळ्यापत्तूर पाणी. छत्री वर पसरल्याली, खाली चिखल. मला वाटलं, लढाई ऱ्हायली बाजूला, आता बुडूनच मरतोय. गावातली पोरं आली. ही एवढाली.” त्यांनी पाचवीच्या रांगेकडे बोट दाखवलं. “त्यांनी वढून काढलं. आमचं सामान पण त्यांनीच काढलं तळ्यातनं, डोक्यावर घिऊन आली. हे लिवलंय का न्हाई?”

लिहिलेलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी हे सांगितलं होतं आणि तुमच्या वहीत ते आहे. निवेदनात बसेना म्हणून गाळलं.

तुम्ही माईक स्टँडवरून काढून त्यांच्याकडे नेता. वायर पुरत नाही, दोन मुलं धावत जाऊन ती मोकळी करतात. हवालदार माईक तोंडाला अगदी चिकटवून धरतात, सगळं मैदान घुमतं. पाचवीतली पोरं गुडघ्यांवर उठून बसली आहेत, एकाने विचारलंच, “पोहता येत नव्हतं का तुम्हाला?” कार्यक्रमपत्रिकेत यापुढे प्रमुख पाहुण्यांचं मनोगत आणि आभारप्रदर्शन आहे. ते आज वेळेत व्हायची चिन्हं नाहीत.